तिसरा हात

आमच्या वन्संच्या दुकानात कपडे घालून बघायची जी खोली होती, तिच्या भिंतींवर बायका होत्या. कुणी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, कुणी वाऱ्याने उडणारा झगा सावरणारी, कुणी डॉक्टरसमोर जीभ काढून बसलेली आणि डॉक्टर भलतीकडेच बघतोय. सगळ्या भरल्या अंगाच्या, कंबर मात्र मुठीत मावेल एवढी, आणि प्रत्येकीच्या आसपास एखादा तरी गडबडलेला पुरुष. लग्न होऊन मी या घरात आले आणि वन्संनी माझं माप घ्यायला मला त्या खोलीत उभं केलं. वर बघू की खाली बघू, मला कळेना. वन्सं ओठांत टाचण्या धरून म्हणाल्या, "लाजायला काय झालं? त्यांना कुठे तू दिसतेयस."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हा शब्द आता कुणी वापरत नाही. मी पहिल्या दिवशी चेष्टेने वापरला आणि तोच चिकटला. त्या शिवणकाम करायच्या. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे त्यांची खोली, वर आम्ही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण हातात कायम कात्री असायची आणि जिभेला तिच्याहून जास्त धार. तरी गल्लीतल्या बायका त्यांच्यावर जीव टाकायच्या. स्वतःच्या अंगाला कंटाळलेली बाई आत जायची आणि बाहेर येताना आरशाकडे मान वळवून बघत यायची, असं त्या कापड बेतायच्या.

ती चित्रं जुन्या साप्ताहिकांच्या शेवटच्या पानावरची. आमच्या आईवडिलांच्या तरुणपणी अशी साप्ताहिकं पुष्कळ निघायची. पुढच्या पानांवर राजकारण आणि महागाई, शेवटच्या पानावर एक बाई. न्हाव्याच्या दुकानात लोक साप्ताहिक मागून उघडायचे म्हणतात. चित्राखाली एका ओळीचा विनोद असायचा, तोही बहुतेक वेळा बेताचाच. पण वन्संकडे होती ती छापलेली पानं नव्हती. चित्रकाराने जाड पुठ्ठ्यावर शाईने काढून छापखान्यात पाठवलेली मूळ चित्रं होती. एकदा छापून झालं की ती कुणाच्या कामाची नसायची. कुठल्यातरी माळ्यावर पडून पिवळी व्हायची आणि शेवटी रद्दीत जायची.

वन्संना ती रद्दीतच सापडली. धंदा नवा होता तेव्हा कापड कापायच्या आधी त्या कागद बेतायच्या, आणि त्यासाठी मोठे कागद लागायचे. रद्दीवाल्याकडे त्या नेहमीच जायच्या. एक साप्ताहिक बंद पडलं होतं आणि त्याच्या कचेरीतला सगळा पसारा त्याच्याकडे येऊन पडला होता. त्या ढिगात त्यांना एक पुठ्ठा मिळाला. शिंप्याच्या दुकानात एक पोरगी स्टुलावर उभी. डावा हात कमरेवर, उजवा हात सरळ वर केलेला. म्हातारा शिंपी तिच्या छातीभोवती टेप धरून उभा आहे, चष्म्यावर वाफ धरलीय, आणि खाली ओळ अशी: "दमानं घ्या. बाई, तुम्हाला नाही, मी माझ्या हृदयाला सांगतोय."

विनोद काही भारी नव्हता, हे वन्सं स्वतःच सांगायच्या. त्यांची नजर गेली ती पोरीच्या ब्लाउजवर. हात वर केल्यावर काखेपाशी कापड कसं ओढलं जातं, शिवण कुठे ताणते, कुठे चूण पडते, ते त्या माणसाने नेमकं काढलं होतं. "याला मुंढा कळतो," असं त्या म्हणाल्या. बाही जिथे अंगाला जोडतात तो मुंढा. तो चुकला की अख्खा कपडा बिघडतो, आणि बहुतेक शिंपी तिथेच मार खातात. चित्राखाली सहीच्या जागी नुसतं एक वेटोळं होतं. नाव कधी कळलंच नाही, म्हणून वन्सं त्या चित्रकाराला मास्तर म्हणायच्या.

घरी आणून त्यांनी तो पुठ्ठा खिडकीशी तिरका धरून पाहिला आणि मग त्यांना दुसरीच गंमत दिसली. छापलेल्या पानावर जे दिसत नाही ते सगळं या पुठ्ठ्यावर होतं. चुकलेल्या जागी पांढऱ्या रंगाचे जाड थर दिलेले आणि त्यावर पुन्हा रेघा काढलेल्या. कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा. निळं छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून तिथली माणसं निळ्यानेच लिहायची. विनोदाची ओळ वेगळ्या कागदावर लिहून डकवलेली. एक निळा बाण तर थेट पोरीच्या छातीकडे रोखलेला होता. तो कुणी आणि कशासाठी काढला, ते वन्संना कधी लागलं नाही. त्यांचा जीव या चित्रांत अडकला तो असल्या गोष्टींपायी. कोणताही कपडा हातात आला की त्या आधी उलटा करायच्या आणि आतली शिवण बघायच्या. बाहेरून सगळेच नीट असतात, असं त्यांचं म्हणणं. ही मूळ चित्रं त्यांना उलट्या केलेल्या कपड्यांसारखी वाटत असावीत.

मग छंदच लागला. मास्तरांची आणि मास्तरांच्या वेळच्या इतरांची चित्रं त्या शोधू लागल्या. सुट्टीच्या दिवशी कुठेतरी लांब जायच्या आणि संध्याकाळी काखेत पुठ्ठा धरून यायच्या. माझा नवरा म्हणायचा, "आमच्या ताईने सासर केलं नाही, पण सासरी असतील त्याच्या दुप्पट माणसं भिंतीवर टांगली." मला ती चित्रं आवडायची नाहीत हे मी लपवलं नाही. माझी मुलं लहान होती तेव्हा मी त्यांना त्या खोलीत पाठवत नव्हते. वन्संनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, आरशासमोर कपडे उतरवून उभी राहिलेली बाई स्वतःकडे बघून खट्टू होते. या सगळ्या भिंतीवरून हसताना दिसल्या की तीही जरा हसते. आणि खरंच, पडद्याआडून बायकांचं खिदळणं ऐकू यायचं. मला वाटायचं, मग एखादा मोराचा फोटो लावला असता तर नसत्या का हसल्या.

चित्रं फ्रेम करायचं काम गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला फ्रेमवाला करायचा. सज्जन माणूस, बोलायला लाजरा आणि स्वच्छतेचा भारी शौकीन. काचेवर कुणाचं बोट उमटलं तर त्याला घास गोड लागत नसे. म्हणूनच वन्सं त्याला प्रत्येक चित्र देताना एकच मंत्र म्हणायच्या: "पुसायचं नाही, खोडायचं नाही, खरवडायचं नाही." पुढे पुढे तर दोघं तो एका सुरात म्हणायला लागले. तो मान डोलावत म्हणायचा, वन्सं बोट नाचवत म्हणायच्या, आणि मग चित्र हातातून सुटायचं.

अशी चित्रं जमवणारे आणखी थोडे लोक होते, सगळे पुरुष. त्यांतले एक दाढीवाले गृहस्थ अधूनमधून दुकानात यायचे. त्यांना ते शिंप्याचं चित्र हवं होतं. मास्तरांच्या हातचं तसं दुसरं नाही, असं ते सांगायचे. वन्सं त्यांना चहा पाजायच्या, सगळी चित्रं दाखवायच्या आणि नाही म्हणायच्या. तेही दर वेळी विचारायचे आणि नाही ऐकून खूश होऊन जायचे. जमवणाऱ्यांची तऱ्हाच न्यारी.

मग वन्संना गाठ झाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःच्या अंगातला फरक कळला नसेल असं नाही. कळला असणार, आणि हातातली कामं संपवू म्हणून त्या थांबल्या असणार. डॉक्टरांनी उजवा स्तन काढला. काखेतलंही बरंच काढावं लागलं. ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो.

जखम भरली, टाके निघाले. काखेपासून कोपरापर्यंतची कातडी बधीर राहिली. डॉक्टर म्हणाले, नसा कापल्या जातात, असं होतं, हळूहळू थोडी जाणीव येईल. ते बोटाने दाबून विचारायचे, "दुखतंय?" वन्सं म्हणायच्या, "नाही." "इथे?" "नाही." "काही वाटतंय?" "काहीच नाही." हेच उत्तर त्या सगळ्यालाच द्यायला लागल्या. भूक आहे का, काही नाही. टीव्ही लावू का, काही नको. कातडीचा बधीरपणा आत आत पसरत गेला असावा. मी जेवण नेऊन ठेवायचे, त्या जेवायच्या, मी ताट उचलायचे. मीही काही दिवसांनी बोलायची थांबले. दोन बायका एका खोलीत काम उरकत होतो, एवढंच.

त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला त्यांची तडतडणारी जीभ हवी होती. मी मुद्दाम त्यांच्या समोर वाकडी बटणं लावायचे, कात्रीने कागद कापायचे. एके काळी त्यांच्या कात्रीला कागद लागला तर घरात आग लागल्यासारखा आरडाओरडा व्हायचा. आता त्या बघत राहिल्या. मला त्यांचा राग यायचा आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

सगळ्यात मोठा घोर त्या हाताचा होता. ऑपरेशन झाल्यापासून वन्सं उजवा हात कोपरात दुमडून छातीवर धरून ठेवायच्या, पंजा डाव्या खांद्यावर. बसताना, चालताना, झोपतानाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की हात रोज वर न्यायलाच हवा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायची. नाहीतर खांदा आखडेल आणि मग कात्री विसरा. त्या बाईंनी कापण्याच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर पट्टी चिकटवली होती, म्हणजे आज कुठवर गेलो ते कळेल. वन्सं भिंतीसमोर उभ्या राहायच्या. हात कमरेच्या उंचीला भिंतीवर टेकवायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. मी विचारायचे, "दुखतंय का?" त्या म्हणायच्या, "नाही." "मग वर न्या की." "नेते." आणि तो हात पुन्हा छातीवर जायचा.

गिऱ्हाइकं आधी विचारपूस करायला आली, मग अर्धवट राहिलेले कपडे न्यायला आली, मग यायची बंद झाली. दुकानाचं दार आम्ही अर्धं उघडं ठेवायचो. एक दिवस वन्सं म्हणाल्या, दाढीवाल्यांना फोन करा, चित्रं सगळी घेऊन जायला सांगा. आवाजात काही नव्हतं. कुणी दूधवाल्याला निरोप द्यावा तसं त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला ते पटलं. त्याचं म्हणणं, दुकान असंही बंदच आहे, खोली रिकामी झाली तर कुणाला तरी भाड्याने देता येईल, ताईला वर आणू, जवळ राहील. सगळं शहाणपणाचं होतं. मला मात्र ते पटेना. चित्रं गेली की दुकान जाणार, दुकान गेलं की या बाईत उरणार काय? मी वन्संना म्हटलं, नका देऊ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला तरी कुठे आवडायची?" टोमणा असता तर मी आनंदाने खाल्ला असता. तो टोमणा नव्हता.

दाढीवाल्यांनी फोनवर आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग भीत भीत विचारलं की शिंप्याचं चित्रही का. वन्संनी ते धरून सगळी म्हणून सांगितलं. त्या चित्राच्या पाठीमागची फळी वाळवीने खाल्लेली होती आणि काच तडकली होती. निदान तेवढं तरी नीट करून द्यावं म्हणून आम्ही फ्रेमवाल्याला बोलावलं. तो आला, चपला बाहेर काढल्या, वन्संसमोर उभा राहिला. चित्र दोन्ही हातांत घेतलं. तरी जाईना. वन्सं म्हणाल्या, "न्या." तो अजून उभाच. मला वाटलं, याला आता काय पाहिजे. वन्सं खिडकीकडे बघत होत्या. शेवटी तो मान खाली घालून गेला. तो मंत्राची वाट बघत होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दाढीवाले येणार होते त्या दिवशी सकाळीच फ्रेमवाला चित्र घेऊन आला. बाकीची चित्रं आम्ही उतरवून जुन्या चादरींत गुंडाळून भिंतीशी लावून ठेवली होती. वन्सं टेबलाशी स्टुलावर बसल्या होत्या, हात छातीवर. माझा नवरा कामावर न जाता थांबला होता. फ्रेमवाल्याने खाकी कागद सोडला. एरवी लाजणारा माणूस, पण आज त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम करून आल्याचं समाधान होतं.

नवी काच, नवी काळी चौकट, आणि चित्र लख्ख. पिवळेपणा कमी झालेला, निळ्या खुणा गायब. माझ्या नवऱ्याने कौतुक करायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग तो हळूच म्हणाला, "ताई, हिला हात किती?"

मीही पाहिलं. डावा हात कमरेवर होता. उजवा वर केलेला होता. आणि आणखी एक हात कोपरात दुमडून छातीवर घट्ट धरलेला होता, पंजा डाव्या खांद्यावर. छातीवरच्या ज्या पांढऱ्या थरावर मास्तरांनी ब्लाउज काढला होता, तो थर पुसला गेला होता आणि त्यासोबत त्याच्यावरच्या रेघाही गेल्या होत्या. ते उभार, ते ताणलेलं कापड, जिच्यापायी वन्संनी पुठ्ठा उचलला ती काखेची चूण, काहीच उरलं नव्हतं. उजव्या बाजूला नुसता कागद होता आणि त्यावर तो हात. शिंपी बिचारा वाफाळलेल्या चष्म्यातून त्या हाताचंच माप घेत होता.

माझ्या नवऱ्याला आधी हसू फुटलं आणि लगेच तो भडकला. फ्रेमवाल्याला म्हणाला, अहो, चित्राची माती केलीत तुम्ही, आता तो माणूस येईल त्याला काय दाखवायचं? फ्रेमवाल्याचा चेहरा उतरला. तो सांगू लागला की जुने डाग होते, ओल्या कापसाने आपसूक निघत होते. पुठ्ठ्यावरची मूळ शाई जागची हलली नाही, म्हणून त्याला धीर आला. खालून हात दिसला तेव्हा त्याला वाटलं, मळाखाली दडलेलं खरं चित्र हेच. मग त्याने जीव ओतून ते सगळं बाहेर काढलं. दर वेळी ताई पुसू नका म्हणतात, या वेळी म्हणाल्या नाहीत. त्याला वाटलं, आजारपणात ताईंना काहीतरी नवं करून द्यावं. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. तो बसला नाही.

वन्संनी डावा हात पुढे केला. मी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या त्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, "काच काढा." फ्रेमवाल्याने घाईघाईने मागचे बारीक खिळे काढले, फळी काढली, पुठ्ठा बाहेर काढून दिला. वन्संनी तो डाव्या हातानेच खिडकीच्या उजेडात तिरका धरला, पूर्वी धरायच्या तसा. किती दिवसांनी त्या कशाकडे तरी बघत होत्या.

"मास्तरांनी आधी हा हात काढला होता," त्या म्हणाल्या. "ही लाजली होती. तो बाण या हाताकडे होता. हात वर घ्यायला लावला त्यांना."

कुणी लावला, ते त्यांनी सांगितलं नाही. साप्ताहिकाचा मालक असेल, संपादक असेल. झाकून घेतलेली बाई शेवटच्या पानावर कुणाला हवी असणार. मास्तरांनी मग पांढरा रंग कालवला, तो हात बुजवला, वर दुसरा हात काढला आणि उघड्या पडलेल्या जागी ब्लाउज शिवला. इतका सुरेख शिवला की वन्संसारख्या बाईलाही आतली शिवण दिसली नाही. त्या पोरीच्या अंगावर इतकी वर्षं तो हात तसाच होता आणि आम्ही सगळ्याजणी तिच्यासमोर कपडे बदलत होतो.

वन्संचा हात आणि तिचा हात एकसारखा होता, हे मला दिसत होतं. माझ्या नवऱ्यालाही दिसलं असावं, कारण तो पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दाढीवाले आले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बघवेना. चित्र गेलं, असं ते म्हणाले. कुणावर रागावले नाहीत. हे पुन्हा जमायचं नाही, असंही म्हणाले. मग जरा सावरून त्यांनी भिंतीशी लावलेल्या चादरींकडे पाहिलं आणि निदान बाकीची तरी नेऊ का, असं विचारलं. रिक्षा बाहेर उभी होती.

"आज नको," वन्सं म्हणाल्या.

ते म्हणाले, मग कधी येऊ? वन्संनी पुठ्ठा पुन्हा मांडीवर घेतला. दाढीवाले थोडे थांबले. नाही ऐकायची त्यांना सवय होती. या खेपेला मात्र ते खूश होऊन गेले की उदास होऊन, मला सांगता येणार नाही. चहा घ्यायला विसरले, आणि मीही विचारायला विसरले. नवरा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

फ्रेमवाला अजून दाराशी उभा होता. वन्संनी त्याला चित्र पुन्हा चौकटीत बसवून द्यायला सांगितलं. त्याने विचारलं, आहे तसंच? त्या म्हणाल्या, आहे तसंच. मग म्हणाल्या, "पुसायचं नाही." एवढंच म्हणाल्या, पुढचं नाही. त्याने खाली बसून तिथेच काच बसवली, मागे बारीक खिळे ठोकले आणि चोरी पकडली गेल्यासारखा तोंड लपवत निघून गेला.

त्यानंतर वन्सं चित्र घेऊन कपडे घालून बघायच्या खोलीत गेल्या. पडदा उघडाच होता. मी मागे गेले, पण आत शिरले नाही. रिकाम्या भिंतींवर चौकटींचे फिके चौकोन उमटले होते, आणि प्रत्येकात एक खिळा. त्यांनी चित्र जमिनीवर आरशाला टेकवून ठेवलं. आरशात त्या होत्या, खाली ती होती, दोघींचे हात छातीवर. मला वाटलं, आता तिथून हलायच्या नाहीत. मी बोलवायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात त्यांचा पंजा खांद्यावरून सुटला. हात आरशाशेजारच्या भिंतीला टेकला, त्या पोरीचं चित्र टांगायच्या खिळ्याखाली. पहिल्यांदा बोटं नुसती टेकून राहिली. मग एक पुढे गेलं, त्याच्यामागे दुसरं. हात कमरेवरून वर निघाला, पोटाच्या उंचीला आला, छातीच्या उंचीला आला. झग्याच्या काखेत कापड ओढलं गेलं आणि शिवणीपाशी चूण पडली. खांद्याच्या किंचित वर जाऊन तो थांबला. खिळा अजून वर होता.

"दुखतंय," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं होतं, व्यायामवाल्या बाईंनी विचारलं होतं, मी तर उठता बसता विचारलं होतं. मी पडद्यापाशी तशीच उभी राहिले. मला धावत जाऊन तो हात धरावासा वाटला, पण धरला असता तर तो खाली आला असता.

"फार?" मी विचारलं.

"फार," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या, नाक ओढत, लहान मुलीसारख्या. हात त्यांनी खाली घेतला नाही.